चौथ्या पेटीवरचा वाकडा गोल

ऐका आता, मधे कोणी बोलायचं नाय. प्रज्वल, तू तर अजिबात नाय, कारण तूच विचारलंस की सगळ्या वर्गाचं काम भिंतीवर लागलं नि माझ्या, समीक्षाच्या, नावाखाली मोकळी जागा कशी. ती जागा का मोकळी राहिली तेच सांगते. सांगून झाल्यावर पण वाटलं मी येडी आहे, तर वाटू दे.

आमच्या ड्रॉइंगच्या कॉलेजात सरांनी सांगितलेलं ना, शेवटचं काम आपल्या आजूबाजूचं घ्या, बघितलेलं घ्या, मोबाईलवरनं उतरवू नका. पूजानं घरच्या म्हशी घेतल्या, ऋतिकनं वीटभट्टी घेतली, मी मधमाश्या घेतल्या. मधमाश्या का, तर हौसा मावशी.

आमच्या शेणवे गावाच्या मागं ओढा ओलांडला की ठाकरांची वाडी आहे, बारा-पंधरा घरं असतील, ती तिथली. माझी सख्खी मावशी नाय, पण मी फ्रॉकात होती तेव्हापासनं ती आमच्या ओटीवर मध घेऊन येते नि आई तिला चहा करते, म्हणून मावशी. मध काढायचा तिचा नवरा, जाणू बाबा. उंबरमाळीच्या वरच्या कड्याला आग्या माशीची पोळी लागतात, सुपाएवढाली, तो वरनं दोर सोडून खाली लटकायचा, धूर करायचा नि कापायचा. सगळं आयुष्य तेच. तीन वर्षांमागं तो दोरावरनं खाली आला. करवंदीच्या जाळीत पडला म्हणून वाचला, पण कमरेचं हाड जे मोडलं ते वाकडंच बसलं, आता एक पाय ओढत चालतो.

तर मावशीनं काय केलं, तालुक्याला पेट्यांतल्या माश्या पाळायचं शिक्षण होतं तिथं जाऊन बसली. वाडीतली एकटीच बाई. चार पेट्या मिळवल्या, झाडाच्या ढोलीतनं सातेरी माशी आणून भरली. सातेरी म्हणजे ती बारकी, गरीब, उगाच चावत नाय ती. नि जाणू बाबाला बोलली, आता मध दारात येईल, तू कड्यावर जायचं नाय. तो हसला. माशीला काय दावं लावून ठेवणार काय, असं सगळ्या वाडीसमोर विचारलंन.

आणि झालं पण तसंच. गेल्या पावसात तीन पेट्या रिकाम्या झाल्या. सातेरीचं असंच असतं म्हणे, काय बिनसलं की सगळा संसार टाकून उडून जाते. राहिली एक. तेव्हा जाणू बाबा हसला नाय. दिवाळीला आईनं फराळ देऊन पाठवलेलं तर माझ्यासमोरच बोलला, अगदी हळू, "ही पण गेली तर मी कड्यावर जाणार. मला दुसरं काय येतं?" मावशी चकली मोडत बसली. म्हणजे बघा, त्या एका पेटीवर काय टांगलेलं ते. तो माणूसच टांगलेला.

हे मला सगळं माहीत होतं. तरी मी जे केलं ते केलं.

माघाचे दिवस, सावर लाल फुलली होती, मी शनवारी सकाळीच रंगांची पिशवी घेऊन वाडीत गेली. माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. चार पेट्या ओळीत, करंजाखाली. त्यांच्या पुढच्या फळीला गेरू द्यायचा, वर पांढऱ्यानं काढायचं, माश्यांचा नाच, एकीमागं एक, पेटीच्या दारातनं निघून गोल गोल फिरत जाणारा. चारी पेट्यांवर एकच नाच पुढं पुढं सरकत गेलेला. मुरबाडच्या बाजूला मी अकरा फार्महाऊसच्या भिंती रंगवल्यात, हात बसलेला आहे माझा. मावशी मला चिडवायला लागली की गो, तुम्ही कुणबी लोक भात लावता, चित्रं कवापासनं काढायला लागला? पण खूश होती. बोलली, काढ, त्या तीन रिकाम्याच पडल्यात, काढ.

"चवथीला नको पण," बोलली. "आठ दिस जाऊ दे."

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडं पाहुणा भाकरी नको बोलला तर आपण थांबतो काय? नाय थांबत. नको, नको बोलतच ताटात पडते नि तो खातोच. आईला मी साडी आणली तर ती नको बोलते, मी जेवून आली तरी मामी वाढते. आपलं नको असंच असतं. मला वाटलं मावशी लाजते. कारण त्या चौथ्या पेटीवर कोणीतरी काढून ठेवलेलं. दाराच्या भोवती एक निळा गोल, हा एवढा जाड, कपड्याची नीळ चुन्यात कालवून बोटानं ओढलेला. गोल पण कसला, डावीकडं दबलेला, उजवीकडं फुगलेला, खाली एक ओघळ आलेला शेंबडासारखा. मी मनात बोलली, हे तिच्या नातवानं केलं असणार नि आता तिला लाज वाटत असणार की मी एवढी कॉलेजवाली चित्रं काढते नि तिच्या पेटीवर असलं.

दोघांना रेशनला जायचं होतं. मावशीचा अंगठा घासून घासून गुळगुळीत झालाय, मशीनला लागत नाय, म्हणून जाणू बाबाला पण जायला लागतं पाय ओढत. ते गेले. मी तीन पेट्या केल्या. आणि खरं सांगते, मस्त झाल्या. मग मी चौथीकडं बघत बसली. माझा नाच तिसऱ्या पेटीपाशी येऊन तुटत होता. सोमवारी जमा करायचं होतं. मी मनात बोलली, मावशी येऊन बघेल तर रडेल आनंदानं.

गेरू कालवला नि उजवीकडनं सुरू केलं. माश्या ये-जा करत होत्या, ब्रशवर बसत होत्या, मी फुंकर मारून बाजूला करायची. अर्धी फळी झाली तेवढ्यात एकदम सगळा गलबला. शंभर-दोनशे माश्या बाहेर आल्या नि पेटीकडं तोंड करून हवेत वर-खाली, वर-खाली करायला लागल्या. मला वाटलं माझं चित्र बघायला आल्या. हसू नको पूजा, मला खरंच तसं वाटलं. मी मोबाईल काढून व्हिडिओ केला. गलबला बसला, मग मी उरलेली अर्धी पण रंगवून टाकली, तो निळा गोल पार गेला, वर नाच काढला, ब्रश धुतले, सावलीत बसली.

बसल्यावर मग दिसायला लागलं. पायाला पिवळे गोळे लावून माश्या यायच्या, चौथ्या पेटीसमोर थांबायच्या, तिथंच हवेत, नि आत जायच्या नायत. एक तिसरीवर जाऊन बसली. आणखी एक. दुसरीवर पण. रिकाम्या पेटीत जाऊन परत बाहेर. कोणी नवीन सुनेनं चुकून शेजारच्या घरात पाऊल टाकावं नि लाजून मागं फिरावं तसं. 

मावशी आली तेव्हा डोक्यावर तांदळाची पिशवी होती. ती तिनं खाली ठेवली. पेटीकडं बघितलं. मला वाटलं आता शिव्या देईल. तिनं सूर्याकडं बघितलं, मग मला विचारलं, "राणी बाहेर पडली काय?"

मी बोलली, मला काय माहीत, खूप माश्या नाचल्या तेवढं बघितलं, व्हिडिओ आहे. तो लावला. मावशीला जवळचं दिसत नाय, जाणू बाबाला पण नाय, दोघांनी मोबाईल लांब धरला नि मला बोलले तूच बघ, लांब पोटाची, पंख आखूड दिसतील अशी एक. मी थांबवत थांबवत बघितलं. होती. दारातनं चालत आली, फळीवर दोनदा गिरकी घेतली, उडाली. बारा बावन्नला. आणि व्हिडिओत तिच्या मागं डावीकडचा निळा अजून तसाच होता. म्हणजे ती गेली तेव्हा निळं होतं. ती परत यायची तेव्हा सगळं गेरू.

मग मावशीनं सांगितलं. घाईत नाय, दम घेत घेत सांगितलं, जसं काय मीच तिची नात आहे. जुनी राणी पंधरा दिवसांमागं मेली. माश्यांनी नवी केली. नवी राणी जन्मात दोन-चारदाच बाहेर पडते, दुपारची, नरांना भेटायला, अर्धा-पाऊण तास लई झाला, मग घरात जी शिरते ती कायमची. ती जायच्या आधी दोन-तीन दिवस दारासमोर उडून घर कसं दिसतं ते बघून ठेवते. म्हणून मावशीनं तो गोल काढलेला, की चार सारख्या पेट्यांत तिला आपली ओळखू यावी. निळा का, तर माशीला लाल दिसतच नाय. लाल म्हणजे तिला काळोख. माझा सगळा गेरू म्हणजे तिच्यासाठी चार काळ्या पेट्या, सारख्याला सारख्या. आणि ती नाय आली तर आत एक पण अंडं नाय ज्याच्यापासनं दुसरी राणी करतील. महिनाभरात पेटी खलास.

आता सांगा, ते आठ दिवस नको म्हणजे काय होतं. नको म्हणजे नको होतं.

मी रडायलाच लागली. जाणू बाबा बोलला, "रडायचं मागनं. टाइम काय झाला?"

एक वाजून दहा. अठरा मिनटं झालेली.

मग आमी तिघं जे काय पळालो. म्हणजे मी पळाली, जाणू बाबा पाय ओढत, पण त्याच्यासारखं झटपट मी कोणाला बघितलं नाय. तीन रिकाम्या पेट्यांवर त्यानं गोणपाट टाकलं, वर दगड ठेवले. मग काठी घेऊन मागं तारेखाली गेला, कारण तिथं वेडे राघू बसलेले ना ओळीनं, ते हिरवे, ते उडती माशी हवेतच पकडतात, राणी तर मोठी, जड, त्यांना मेजवानीच. तो त्यांना हाकलायला लागला. ते उठायचे, पुढच्या तारेवर बसायचे, हा परत तिथं. मी फडक्यानं गेरू पुसायला घेतला, ओला होता अजून, आला, पण खालची नीळ पण त्याच्याबरोबर आली. फळी नुसती मातकट दिसायला लागली. मावशी आतनं निळीची पुडी नि चुना घेऊन आली, वाटीत कालवलं नि वाटी माझ्या हातात दिली. ती बोलली, तू काढ, मला जवळचं नीट दिसत नाय.

मी काढला. एका दमात, दाराला मधे घेऊन, मस्त गोल. तुमाला माहीत आहे माझा गोल, सर बोलतात कंपास ठेवून दे. मावशीनं लांबनं बघितलं नि मान हलवली.

"इतका गोल नको," बोलली. "माझा वाकडा होता. वाकडाच काढ."

पुसला. मोबाईल फळीला टेकवून ठेवला, व्हिडिओ थांबवला, नि तिचा गोल बघून बघून काढायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी तो नीट बघितला. नि सांगते, चांगलं काढणं सोपं आहे, दुसऱ्याचं वाकडं तसंच्या तसं काढणं लई कठीण आहे. माझा हात आपोआप सरळ करायचा. डावीकडं ती थांबली होती, बोट उचललं होतं, परत टेकवलं होतं, तिथं एक जाड गाठ होती. त्याच बाजूला वर जिथं दबला होता तिथं तिचा हात पुरला नसणार, ती खाली उकिडवी बसून काढत असणार. मी पण उकिडवी बसली. मग गोल तिथं आपोआप दबला. उजवीकडची बाजू व्हिडिओत नव्हतीच, ती मी आधीच रंगवलेली, तिथं मावशी मागनं सांगत होती, आणखी बाहेर ने, आणखी, पोटुशी बाईसारखा, हां, आता आत घे. खालचा ओघळ उरला. तो काढायचा कसा, ओघळ काय काढतात? मी बोटावर जास्त नीळ घेतली नि सोडली. तो भलतीकडनंच गेला. मावशी बोलली, पाणी घाल जरा. घातलं. मग गेला, तिथनंच. मी एवढी खूश कधी झाली नसेन. एका ओघळासाठी.

एक एकवीस. मागं सरलो नि बसलो.

बाहेर अडकलेल्या माश्या पहिल्या आल्या. आल्या, थांबल्या, नि सरळ आत. एक, तीन, दहा. काही दारात उभ्या राहून पंख मारायला लागल्या, मावशी बोलली, बोलावतात तिला, वास सोडतात. जाणू बाबा तिकडं राघूंच्या मागं, त्याचं हाड हुड ऐकू येत होतं. मावशीनं माझा हात धरलेला. तिचा हात निळा, माझा पण. ती मला रागावली पण नाय रे. मी बोलली, मावशी, मी तुझं ऐकलं नाय. तर ती बोलली, मी पण नीट नाय सांगितलं, नुसतं नको बोलली, मला वाटलं सांगायला गेली तर तुला वाटायचं हौसा मला शिकवते.

बघा म्हणजे. मी कॉलेजवाली म्हणून ती गप्प बसली नि ती गरीब म्हणून मी तिचं नको मोडलं.

एक एकतीसला काहीतरी लांब, जड, फळीवर धपकन पडल्यासारखं बसलं. माश्यांनी लगेच घेरलं. मला शेपटीला पांढरा धागा दिसल्यासारखा वाटला, नराला भेटून आलेल्या राणीला असतो म्हणे तो. मग आत. मी बोलली आली, आली वाटतं. मावशी बोलली, वाटतं की आली? मला शपथेवर सांगता येईना. जाणू बाबा घामाघूम होऊन आला नि बोलला, आठ दिवसांनी उघडून बघू, तोवर कोणी हात लावायचा नाय. हे बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं, पण जरा हसला.

सोमवारी सरांनी विचारलं, काम कुठंय? तीन पेट्यांचे फोटो होते मोबाईलमध्ये, छान होते, लावता आले असते. पण मला ते बघवेनात. ज्याच्या घरावर काढलं त्यालाच दिसत नाय असं चित्र. मी सरांना बोलली, काम अजून बाहेर आहे सर, घरी आलं की नाय कळलं नाय. सर बोलले मार्क कापले जातील. बोलली, कापा. म्हणून जागा मोकळी.

ते आठ दिवस मी रोज गेली. नुसती लांबनं बघायची. माश्या जायच्या, यायच्या, त्यावरनं काय कळत नाय, राणी नसली तरी काही दिवस तशाच जातात-येतात. मावशी काम करायची, मधेच थांबून पेटीकडं कान द्यायची. जाणू बाबा दारात बसून कोयत्याला धार लावायचा, आणि दोघं एकमेकांशी कड्याचं काय बोलत नव्हते. सगळं बोलत होते, पाण्याचं, शेजारच्या ठमीच्या शेळीचं, तेवढं सोडून.

काल उघडली. सकाळी नवाला, ऊन चढायच्या आत. मावशीनं झाकण काढलं, जरासा धूर दिला, मधली चौकट उचलली, माश्यांनी भरलेली, नि हळूच फुंकर मारून माश्या बाजूला सरकवल्या. मग चौकट माझ्यासमोर धरली. तिला तर दिसणारच नव्हतं. ती चौकट वाकडी करत होती, ऊन आत पडावं म्हणून, नि तिची नजर चौकटीवर नव्हतीच, माझ्या तोंडावर होती.

पोळ्याची पहिली काही घरं रिकामी. काळोखी.  मग ऊन सरकलं नि दिसलं. घराच्या तळाशी, अगदी मधोमध, केसाएवढं पांढरं, तांदळाच्या कणीच्या कणीएवढं, उभं. शेजारच्या घरात पण एक. त्याच्या शेजारी. मग सगळीकडं, एका घरात एकच, सगळी सारखी उभी केलेली. आयुष्यभर काढत बसली तरी मला एवढं बारीक नाय जमणार.

मी बोलली, "अंडी आहेत मावशी."

"परत बोल."

"अंडी आहेत. खूप आहेत. एका घरात एक."

तिनं चौकट परत आत ठेवली, माशी चिरडू नये म्हणून इतकी सावकाश की मला वाटलं ती तशीच उभी राहणार. झाकण लावलं. मग पदरानं तोंड पुसलं, निळीचा डाग अजून नखात होता तिच्या.

जाणू बाबानं ऐकलेलं.  तो उठला, कोयता घेतला नि घरामागं गेला. मला वाटलं झालं, आता हा कुठं चालला. तर ऐनाच्या झाडाची सरळ काठी घेऊन आला, मावशीपाशी येऊन उभा राहिला नि ती काठी तिच्या अंगाला लावली. मावशी बोलली, काय करतोस? तो बोलला, पेट्या जमिनीवर हायत, मुंग्या चढतात, रिकाम्या तिन्ही परत भरायच्या तर पाय करायला लागतील. एका पेटीला चार. बारा नि हे चार, सोळा पाय, महिना जाईल माझा.

नि तिच्या कमरेपाशी काठीवर कोयत्यानं खूण केली, म्हणजे तिला वाकायला नको.